वाळवंटातील हिरवळ आणि नदीचा ताळेबंद

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, जेथे नेवाडा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया ही तीन राज्ये एकमेकांस भिडतात, तेथे कोलोरॅडो नदीच्या काठी लॉफलिन नावाचे एक लहानसे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत या गावाची वस्ती नऊ हजारांच्याही आत भरली. पाऊस वर्षाकाठी पाच-सहा इंचांचा. २९ जून १९९४ रोजी येथे पारा ५१.७ अंश सेल्सिअसपर्यंत चढला आणि नेवाडा राज्यातील उच्चांक म्हणून त्याची नोंद झाली. अशा या भाजून निघालेल्या भूमीत नदीच्या काठाने कॅसिनो-हॉटेलांची रांग उभी आहे. आणि थोड्या अंतरावर, बोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी, गोल्फची हिरवीगार मैदाने पसरली आहेत. पैलतीरावर ॲरिझोनातील बुलहेड सिटी आहे. तेथेही तोच देखावा. उत्तरेस व्हर्जिन या उपनदीच्या काठी मेस्किट नावाचे गाव आहे. तेथेही कॅसिनो आणि गोल्फ यांचाच संसार. जेथे निसर्गाने काटेरी झुडपांपलीकडे काही उगवू दिले नाही, तेथे माणसाने मखमली हिरवळ अंथरली आहे.

कोलोरॅडो नदी गेली पाव शतक आटत चालली आहे. सात राज्ये, सुमारे तीस आदिवासी जमाती आणि शेजारचा मेक्सिको देश तिच्या पाण्यासाठी भांडत आहेत. सुमारे चार कोटी लोकांचे जीवन आणि पंचावन्न लाख एकर शेती या एका नदीवर अवलंबून आहे. अशा वेळी जुगारासाठी आलेल्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठी वाळवंटात हिरवळ शिंपावी काय, हा प्रश्न अमेरिकेत वारंवार विचारला जातो. त्यावर दोन ठरीव उत्तरे दिली जातात. एक उत्तर संतापाचे : ही मैदाने नदी पिऊन टाकीत आहेत. दुसरे उत्तर आकडेमोडीचे : एकूण हिशेबात या मैदानांचा वाटा किरकोळ आहे, तेव्हा त्यांच्यावर राग काढणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढणे होय. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिल्यात हिशेब चुकतो, तर दुसऱ्यात न्यायाचा विचारच होत नाही.

जुगार आणि धरण यांचे जुळे

या मैदानांचा जन्म कसा झाला, हे प्रथम पाहिले पाहिजे. १९३१ हे वर्ष नेवाडाच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी या राज्याने जुगार कायदेशीर केला. आणि त्याच वर्षी कोलोरॅडो नदीवर पुढे हूवर धरण म्हणून प्रसिद्धी पावलेल्या प्रचंड धरणाचे बांधकाम सुरू झाले. मंदीच्या काळात दरिद्री झालेल्या या वैराण राज्याला एकाने उत्पन्न दिले, तर दुसऱ्याने पाणी आणि वीज दिली. ३० सप्टेंबर १९३५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते या धरणाचे लोकार्पण झाले, आणि मीड जलाशयाच्या आधाराने लास व्हेगास नावाचे रेल्वेचे एक ठाणे हळूहळू महानगर बनत गेले.

लॉफलिनचा जन्म त्याहून अलीकडचा. हूवर धरणाच्या खाली डेव्हिस धरण १९५१ मध्ये पुरे झाले. त्याच्या कामगारांची वसाहत पैलतीरावर होती. तीच पुढे बुलहेड सिटी झाली. १९६४ मध्ये डॉन लॉफलिन नावाच्या व्यावसायिकाने ऐलतीरावरील एक बंद पडलेले आठ खोल्यांचे मोटेल विकत घेतले आणि १९६६ मध्ये तेथे आपला कॅसिनो उघडला. गावाला त्याचेच नाव मिळाले. १९८७ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने नदीवर पूल बांधून तो सरकारला देऊन टाकला. त्यामुळे ॲरिझोनातून येणाऱ्या गिऱ्हाइकांचा मार्ग सोपा झाला, हे सांगावयास नकोच.

अशा गावात गोल्फ कशासाठी? उत्तरेकडील थंड राज्यांतील निवृत्त मंडळी हिवाळ्यात उबेच्या शोधात दक्षिणेकडे येतात. त्यांना दिवसा काही उद्योग हवा असतो आणि रात्री पत्त्यांचे टेबल. पाहुणा जितके दिवस राहील तितका कॅसिनोचा लाभ. आणि सकाळी गोल्फ खेळणारा पाहुणा एक रात्र अधिक राहतो. लास व्हेगासमधील डेझर्ट इन या हॉटेलने १९५२ मध्ये आपल्या आवारात गोल्फचे मैदान काढले, तेव्हापासून हे गणित रूढ झाले. हिरवळ हे येथे एक प्रकारचे भांडवल आहे. तिचे उत्पन्न तिकिटाच्या खिडकीवर दिसत नाही, ते जुगाराच्या टेबलावर दिसते.

कागदावरची नदी

आता नदीकडे वळावयास हवे. २४ नोव्हेंबर १९२२ रोजी न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे सात राज्यांच्या प्रतिनिधींनी कोलोरॅडोच्या वाटणीचा करार केला. त्या वेळचे वाणिज्यमंत्री आणि नंतरचे अध्यक्ष हर्बर्ट हूवर हे वाटाघाटींचे अध्यक्ष होते. वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट आणि खालच्या खोऱ्याला ७५ लाख एकर-फूट, अशी वाटणी झाली. १९४४ च्या तहाने त्यात मेक्सिकोच्या १५ लाखांची भर पडली. एक एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उभे राहील इतके पाणी. लिटरमध्ये सुमारे १२ लाख ३३ हजार. आपल्याकडील धरणांच्या परिचित मापात सांगावयाचे, तर एक टीएमसी म्हणजे सुमारे २३ हजार एकर-फूट. म्हणजे प्रत्येक खोऱ्याच्या वाट्याला सुमारे ३२७ टीएमसी आले.

दोष वाटणीत नव्हता, मोजणीत होता. करार करणाऱ्यांसमोर होती ती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काही वर्षांची नोंद. आणि ती वर्षे नेमकी अतिवृष्टीची होती. त्या नोंदीवरून नदीच्या भांडारात उदंड पाणी आहे, असे गृहीत धरले गेले. एकूण १६५ लाख एकर-फूट वाटून दिले. परंतु २००० नंतरच्या वर्षांत नदीचा नैसर्गिक प्रवाह सरासरीने सव्वा कोटी एकर-फुटांच्या आसपासच राहिला आहे. आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार? शिवाय जलाशयांतून उन्हाने उडून जाणारे आणि वाहताना मुरणारे पाणी खालच्या खोऱ्यात कोणाच्याही नावावर खर्ची पडत नव्हते. ती तूटही वर्षाला बारा लाख एकर-फुटांहून अधिक आहे.

१९२८ च्या कायद्याने खालच्या खोऱ्याच्या ७५ लाखांची फोड ठरविली : कॅलिफोर्नियाला ४४ लाख, ॲरिझोनाला २८ लाख आणि नेवाडाला अवघे तीन लाख. त्या वेळी नेवाडात माणसेच नव्हती, म्हणून कोणी फारशी तक्रार केली नाही. तीन लाख एकर-फूट म्हणजे तेरा टीएमसी. आपल्या कोयना जलाशयाच्या आठव्या हिश्श्याइतके. एवढ्या पाण्यावर पुढे लास व्हेगासचे महानगर उभे राहिले, आणि लॉफलिनही याच वाट्यात आले.

मीड जलाशय २००० साली जवळजवळ भरलेला होता. जुलै २०२२ मध्ये तो क्षमतेच्या सुमारे २७ टक्क्यांवर आला. १९३० च्या दशकात तो प्रथम भरू लागला, त्यानंतरची ही सर्वांत खालची पातळी. ऑगस्ट २०२१ मध्ये इतिहासात प्रथमच केंद्र सरकारने खालच्या खोऱ्यात पाण्याची टंचाई अधिकृतपणे जाहीर केली आणि २०२२ पासून कपात लागू झाली.

परत येणारे पाणी आणि न येणारे पाणी

अशा स्थितीत कॅसिनोंच्या प्रदेशाने काय केले? या प्रश्नाचे उत्तर टीकाकारांना अनपेक्षित वाटेल. लखलखाट आणि उधळपट्टी यांसाठी प्रसिद्ध असलेल्या लास व्हेगासने पाण्याच्या बाबतीत सातही राज्यांना मागे टाकील अशी काटकसर केली आहे. २००२ नंतरच्या दोन दशकांत दक्षिण नेवाडाची लोकसंख्या साडेसात लाखांहून अधिक वाढली. तरी दरडोई पाण्याचा वापर निम्म्याहूनही खाली आला. २०२३ मध्ये राज्याने आपल्या तीन लाखांच्या हक्कापैकी दोन लाख एकर-फूटही खर्च केले नाहीत.

ही किमया समजून घेण्यासाठी एक साधी व्यवस्था ध्यानी घेतली पाहिजे. लास व्हेगासच्या घरांत, हॉटेलांच्या खोल्यांत, स्वयंपाकघरांत जे पाणी वापरले जाते, ते जवळजवळ सर्व सांडपाण्याच्या नळातून शुद्धीकरण केंद्रात जाते आणि तेथून ओढ्यावाटे पुन्हा मीड जलाशयात सोडले जाते. जितके परत केले तितके पुन्हा उचलण्याची नेवाडाला मुभा आहे. त्यामुळे हॉटेलातील पाहुण्याने दिवसातून तीनदा स्नान केले, तरी नदीच्या खात्यात फारसा फरक पडत नाही. परंतु अंगणातील हिरवळीवर शिंपलेले पाणी परत येत नाही. ते उन्हाबरोबर आकाशात जाते. तेथे पाणी मुरते ते हिरवळीत, नळाखाली नव्हे.

हे ओळखूनच तेथील जलप्राधिकरणाने हिरवळीविरुद्ध मोहीम उघडली. हिरवळ उखडून तेथे वाळवंटी झाडे लावणाऱ्या घरमालकाला चौरस फुटामागे रोख रक्कम देण्यात येऊ लागली. वीस कोटी चौरस फुटांहून अधिक हिरवळ अशा रीतीने निघाली. २०२१ मध्ये नेवाडाच्या विधिमंडळाने त्यापुढचे पाऊल टाकले : रस्त्यांच्या कडेला, कचेऱ्यांच्या पुढे, केवळ शोभेसाठी राखलेल्या हिरवळीला २०२६ अखेरनंतर कोलोरॅडोचे पाणी देता येणार नाही, असा कायदा केला. त्याच वर्षी लास व्हेगासच्या पाणीपुरवठा मंडळाने नव्या गोल्फ मैदानांना नदीचे पाणी न देण्याचे ठरविले.

परंतु जी मैदाने अस्तित्वात आहेत त्यांचे काय? शोभेच्या हिरवळीवरील बंदीतून ती वगळण्यात आली. कारण त्यांच्यावर खेळ होतो, म्हणजे ती 'उपयोगी' आहेत. त्यांच्यासाठी पाण्याचे वार्षिक अंदाजपत्रक ठरले. पूर्वी एकरी ६.३ एकर-फुटांची मर्यादा होती, ती २०२४ पासून ४ वर आणली गेली. शंभर एकर हिरवळीचे मैदान धरले, तर वर्षाला ६३० ऐवजी ४०० एकर-फूट. कपात लहान नाही. तरी एका एकर-फुटावर तेथील दोन-तीन कुटुंबांचे वर्ष निघते, हे लक्षात घेतले म्हणजे चारशे एकर-फुटांचा अर्थ कळतो. सुमारे हजार कुटुंबांचे पाणी एका मैदानावर खर्च होते.

मैदानांचे मालक यावर सांगतात की, त्यांतील पुष्कळ मैदाने शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर जगतात. म्हणजे ती टाकाऊ पाणी वापरतात. ऐकावयास हा युक्तिवाद मोठा सोज्वळ वाटतो. इतरत्र, जेथे सांडपाणी समुद्रात वाहून जाते, तेथे तो खराही असेल. परंतु जेथे शुद्ध केलेला प्रत्येक थेंब जलाशयात परत जाऊ शकतो आणि पुन्हा उचलता येतो, तेथे मैदानावर शिंपलेले सांडपाणी हे नदीतूनच काढलेले पाणी असते. नळाचा रंग बदलल्याने हिशेब बदलत नाही.

लसूणघास आणि गोल्फ

एवढे झाले तरी आकडेमोडीच्या पक्षाची बाजू अजून पुरी मांडली गेलेली नाही. कोलोरॅडोच्या पाण्यातून माणसे जो प्रत्यक्ष उपयोग करतात, त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग शेतीकडे जातो. त्यातही सर्वांत मोठा वाटा माणसाच्या अन्नाचा नसून जनावरांच्या वैरणीचा, मुख्यतः लसूणघासाचा आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील इंपीरियल हा एकच सिंचन जिल्हा वर्षाला ३१ लाख एकर-फुटांचा हक्कदार आहे. म्हणजे सुमारे १३५ टीएमसी. संपूर्ण नेवाडाच्या दसपटीहून अधिक. गोल्फची सारी मैदाने उद्या उजाड केली, तरी नदीची तूट भरून निघणार नाही. लसूणघासाच्या लागवडीत थोडी घट झाली, तर मात्र ती पुष्कळशी भरून निघेल. हे गणित निर्विवाद आहे.

मग इंपीरियलचे शेतकरी एवढे निश्चिंत कसे? कारण पश्चिम अमेरिकेत पाण्याचा कायदा एका सूत्रावर चालतो : जो आधी आला, त्याचा हक्क आधी. इंपीरियलचे हक्क १९२२ च्या कराराहूनही जुने आहेत. टंचाई आली म्हणजे जुन्या हक्कदाराला पुरे पाणी आणि नव्या हक्कदाराला कपात. १९६८ च्या कायद्याने मंजूर झालेल्या ॲरिझोनाच्या मोठ्या कालव्याला कॅलिफोर्नियाच्या मागचा क्रमांक मिळाला होता. परिणाम असा की, २०२२ च्या पहिल्या कपातीत ॲरिझोनाला ५ लाख १२ हजार एकर-फूट सोडावे लागले, नेवाडाला २१ हजार, आणि कॅलिफोर्नियाला एक थेंबही नाही. ॲरिझोनातील पिनाल परगण्याच्या शेतकऱ्यांचे कालव्याचे पाणी बंद झाले आणि अनेकांना जमिनी पडीक टाकाव्या लागल्या.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नेवाडा काटकसरी झाला तो सद्गुणामुळे नव्हे. त्याच्यापाशी उधळावयास पाणीच नव्हते म्हणून. ज्याचा वाटा मोठा आणि हक्क जुना, त्याला वाचविण्याचे कारण नाही. किंबहुना, वापरले नाही तर हक्क जाईल, ही भीती त्याच कायद्याने त्याच्या मनात घातली आहे. कायदाच जेथे उधळपट्टीला राखण देतो, तेथे काटकसरीचा उपदेश वाया जातो.

अर्थशास्त्रज्ञ येथे आणखी एक मुद्दा आणतात. एका एकर-फुटातून जितका पैसा आणि जितकी नोकरी वैरणीत निघते, त्याच्या कितीतरी पट गोल्फ आणि पर्यटनात निघते. तेव्हा पाणी जिकडे अधिक पिकते तिकडे जाऊ द्यावे. हा विचार टाकाऊ नाही. लॉफलिनसारख्या गावात दुसरा उद्योग नाही. हॉटेलात खोल्या झाडणारी स्त्री, मैदानावर नळ सोडणारा माळी, टेबलावर पत्ते वाटणारा नोकर, यांची चूल त्याच पाण्यावर पेटते. परंतु पैसा हेच पाण्याचे एकमेव माप ठरले, तर नदी शेवटी केवळ श्रीमंतांच्या दारातून वाहील. ज्या गावात लिलाव बोलण्याची ऐपत नाही त्या गावाने तहानलेले राहावे, असा त्याचा अर्थ होईल.

हिशेबाच्या पलीकडचा प्रश्न

आणि येथेच गोल्फच्या मैदानाचे खरे महत्त्व कळते. पाण्याच्या वाटणीत केवळ राशी मोजून भागत नाही. मोठा त्याग ज्याच्याकडून मागावयाचा, त्याला तो न्याय्य वाटला पाहिजे. मे २०२३ मध्ये खालच्या खोऱ्यातील तीन राज्यांनी २०२६ अखेरपर्यंत ३० लाख एकर-फूट वाचविण्याचे मान्य केले. त्यांतील २३ लाखांची भरपाई केंद्र सरकारने रोख रकमेने करावयाची होती. म्हणजे शेतकऱ्याने शेत कोरडे ठेवावे आणि त्याबद्दल पैसे घ्यावेत. पैसा संपला म्हणजे काय? त्यानंतर शेतकऱ्याला जे सांगावयाचे ते नैतिक बळावरच सांगावे लागेल. आणि ज्या प्रदेशात पन्नास अंशांच्या उन्हात खेळासाठी हिरवळ राखली जाते, त्या प्रदेशाच्या प्रतिनिधीने पिढीजात शेतकऱ्याला 'तू पीक सोड' म्हणावे, तर शेतकरी विचारील : 'आधी तुमचा खेळ का सोडीत नाही?' या प्रश्नाला आकडेवारीने उत्तर देता येत नाही. मैदानाचे पाणी अल्प आहे, हेच उलट त्याच्याविरुद्ध जाते. जे अल्प आहे तेही सोडवत नसेल, तर जे मोठे आहे ते दुसऱ्याने का सोडावे?

दुष्काळी गावात हौदावरची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. एखाद्या वाड्यातील कारंजे चालू राहिल्याने गावाचे पाणी संपत नाही. परंतु ते चालू असेपर्यंत रांगेतील शिस्त टिकत नाही.

मात्र या न्यायाच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक अवघड आहे. लॉफलिनच्या दक्षिणेस फोर्ट मोहावी या आदिवासी जमातीची राखीव भूमी तीन राज्यांत पसरली आहे. तेथे १९९५ पासून जमातीचे स्वतःचे कॅसिनो-हॉटेल चालते आणि त्याला जोडून गोल्फचे मैदानही आहे. हजारो वर्षे नदीकाठी राहणाऱ्या, तिच्या पुराच्या गाळात मका आणि भोपळे पिकविणाऱ्या या लोकांना १९२२ च्या वाटाघाटींस कोणी बोलावले नव्हते. करारात त्यांचा उल्लेख आला तो एका वाक्यापुरता. वस्तुतः १९०८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला होता की, राखीव भूमी दिली तिच्याबरोबर ती जगविणारे पाणीही दिले गेले आहे. तरी फोर्ट मोहावीसह नदीकाठच्या पाच जमातींना आपला आकडा मिळावयास १९६३ चा न्यायालयीन निकाल लागला. त्या निकालाने फोर्ट मोहावीचा सुमारे सव्वा लाख एकर-फुटांचा हक्क मान्य झाला, आणि तो बहुतेक सर्व शहरांच्या हक्कांहून जुना ठरला.

आता या जमातीने त्या पाण्यावर गोल्फचे मैदान राखले, तर तिला दोष कोणी द्यावा? शंभर वर्षे गोऱ्या वसाहतकारांनी पाणी हवे तसे वापरले. १९८८ च्या केंद्रीय कायद्याने जमातींच्या जुगार-व्यवसायाची रीतसर घडी बसविली, तेव्हा त्यांना प्रथमच शाळा आणि दवाखाने चालविण्याइतके उत्पन्न मिळू लागले. नेमक्या त्याच वेळी त्यांना संयमाचे धडे देणे म्हणजे पंगतीत शेवटी बसविलेल्या माणसाला 'आता अन्न जपून खा' असे सांगण्यासारखे आहे. तरीही नदीला हक्काचा जुना-नवा भेद कळत नाही. मोहावींच्या हिरवळीवरील पाणीही परत येत नाही.

या पेचातून मार्ग दाखविणारे एक उदाहरण थोडे खाली, पार्करजवळ मिळते. तेथील कोलोरॅडो रिव्हर इंडियन ट्राइब्ज या जमातसंघाला जानेवारी २०२३ च्या केंद्रीय कायद्याने आपले पाणी राखीव भूमीबाहेर भाड्याने देण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे जमातीने पाणी न वापरता जपले, तरी तिचा हक्क बुडत नाही आणि उत्पन्नही मिळते. वापरा नाहीतर गमवा, या जुन्या सूत्राला येथे तडा गेला आहे. आदिवासींना जे मिळाले त्याचे तत्त्व सर्वांना लागू करता येईल काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

२०२६ नंतर

नदीच्या टंचाईचे जे नियम २००७ मध्ये ठरले, त्यांची मुदत २०२६ अखेरची आहे. पुढील नियमांवर सातही राज्यांनी नोव्हेंबर २०२५ पर्यंत एकमत करावे, अशी केंद्र सरकारची अपेक्षा होती. ती मुदत एकमताविना टळून गेली. वरची राज्ये म्हणतात की, त्यांच्याकडे मोठी धरणे नाहीत, हिम कमी पडले की त्यांचे पाणी आपोआपच कमी होते. खालच्यांनी कपात सोसावी. खालची राज्ये म्हणतात की, कपात सोसली ती आतापर्यंत आम्हीच. आता वरच्यांनीही वाटा उचलावा. प्रत्येकाच्या हाती १९२२ चाच कागद आहे आणि प्रत्येक जण त्यातून आपल्या सोयीचे कलम वाचीत आहे.

न्याय्य तोडग्याची दिशा दिसत नाही, असे मात्र नाही. पहिली गोष्ट, जे पाणी नदीत परत येते आणि जे येत नाही, या दोहोंचा हिशेब प्रत्येक राज्यात वेगळा मांडला गेला पाहिजे. नेवाडाने ते करून दाखविले आहे. दुसरी गोष्ट, जलाशयातून उडून जाणारे पाणी हे कोणाचेच नाही, ही सोयीची कल्पना सोडून ते सर्वांच्या खाती वाटून टाकले पाहिजे. तिसरी गोष्ट, कपात केवळ हक्काच्या वयावरून न करता उपयोगाच्या प्रकारावरूनही झाली पाहिजे : पिण्याच्या पाण्याला शेवटी हात, शोभेच्या आणि करमणुकीच्या पाण्याला प्रथम. गोल्फ बंद पाडावा असा याचा अर्थ नाही. हिरवळ केवळ खेळाच्या पट्ट्यापुरती ठेवून उरलेली जमीन वाळवंटाला परत देण्याचा प्रयोग तेथील कित्येक मैदानांनी केला आहे. तो ऐच्छिक न राहता सक्तीचा व्हावा, एवढेच. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, जुन्या हक्कदाराने पाणी वाचविले तर त्याचा हक्क कमी होणार नाही, अशी हमी कायद्याने द्यावी. या हमीवाचून शेतकऱ्याकडून मोठी बचत होणार नाही, आणि मोठ्या बचतीवाचून नदी वाचणार नाही.

लास व्हेगासने मीड जलाशयाच्या तळातून पाणी उचलणारे पंप बसविले आहेत. २०२२ मध्ये वरचा नळ कोरडा पडला, तेव्हा ते प्रथम चालू करण्यात आले. धरणातून खाली पाणी सोडणे अशक्य होईल इतकी पातळी उतरली, तरी ते शहराला पाणी देऊ शकतात. शहाण्या शहराची ही दूरदृष्टी खरी. परंतु तिच्यातच एक भयंकर चित्र दडलेले आहे. धरणाच्या वर शहर पाणी पीत आहे आणि धरणाच्या खाली लॉफलिन, बुलहेड सिटी, मोहावींची शेते आणि इंपीरियलचे कालवे कोरडे आहेत, असे ते चित्र आहे. ज्याने त्याने आपापल्यापुरते शहाणपण दाखविले, तर नदीचा शेवट असाच होईल.

ज्या मुखापाशी ही नदी समुद्राला मिळत असे, तेथे तो शेवट पूर्वीच आलेला आहे. १९६० च्या दशकापासून कोलोरॅडो नदी सामान्यतः कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत पोहोचत नाही. मेक्सिकोतील तिचा त्रिभुज प्रदेश बहुतांशी सुकून गेला. २०१४ च्या वसंतात दोन्ही देशांच्या संमतीने काही आठवडे पाणी सोडण्यात आले, तेव्हा मे महिन्यात नदी पुन्हा एकदा समुद्राला भेटली. कोरड्या पात्रात पाणी येताना पाहण्यासाठी सान लुईस गावचे लोक, म्हातारेकोतारे आणि मुले, काठावर जमली. त्यांतील कित्येक मुलांनी आपल्या गावची नदी वाहताना प्रथमच पाहिली. त्यासाठी सोडलेले पाणी होते अवघे एक लाख एकर-फुटांच्या आसपास. ते कोणी तरी आपल्या वाट्यातून सोडले म्हणून तेथवर पोहोचले.